त्र्यंबकच्या 'जांभळ्या बेडका'चा फॉरवर्ड: एकेक वाक्य घेऊन बोलू

मृग लागला की नाशिकच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास परत येतो. सोसायटीचा ग्रुप असो, शाळेच्या बॅचचा असो नाहीतर द्राक्षबागायतदारांचा, कुठूनतरी येतोच, आणि खाली लगेच हात जोडलेले इमोजी सुरू. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी मजकूर थोडक्यात असा: नाशिककरांनो अभिमान बाळगा, त्र्यंबकच्या डोंगरात जगातला सर्वात दुर्मिळ जांभळा बेडूक सापडला, म्हणून तर त्याचं नाव नासिकाबॅट्राकस. 7 कोटी वर्षांपूर्वी डायनासोरसोबत राहणारा हा जीव आजही जसाच्या तसा आहे. वर्षातले 364 दिवस जमिनीखाली अन्नपाण्याशिवाय समाधी लावतो, फक्त एक दिवस बाहेर येतो. तो ओरडला की तीन दिवसांत पाऊस नक्की. 2003 पर्यंत तो कोणालाच माहीत नव्हता. जगात फक्त 135 उरलेत. अत्यंत विषारी आहे, शेतात असा फुगलेला बेडूक दिसला तर हात लावू नका, मीठ टाका. सर्वांना पाठवा.

मला हा बेडूक मनापासून आवडतो. त्याची खरी गोष्ट या फॉरवर्डपेक्षा कितीतरी भारी आहे म्हणून लिहितोय, आणि दुसरं म्हणजे त्या शेवटच्या ओळीमुळे आपल्या इथले बेडूक मरतायत म्हणून लिहितोय. त्यामुळे सुरुवात शेवटच्या ओळीपासूनच.

"अत्यंत विषारी, मीठ टाका"

फॉरवर्डमध्ये दोन फोटो असतात. पहिला खरंच जांभळ्या बेडकाचा आहे, टोकदार पांढरट नाक, बारीक डोळे, आखूड पाय, आणि मळलेल्या कणकेच्या गोळ्याला नाक काढल्यासारखं अंग. दुसरा फोटो तपकिरी, गोल, फुगलेल्या बेडकाचा, आणि तो जांभळा बेडूक नाहीच! तो युपेरोडॉन या गटातला आहे, ज्याला बलून फ्रॉग म्हणतात, आणि हा गट आपल्या महाराष्ट्रात आहे. जांभळा बेडूक तर राहतो केरळकडे, म्हणजे लोक ज्याच्यावर मीठ टाकणार तो आपल्याच बांधावरचा बेडूक असणार. त्याच्याच जोडीला स्फेरोथेका नावाचे जमीन खणणारे बेडूक आहेत, बसके, जाड, पहिल्या पावसात रात्री शेतात आणि रस्त्यावर दिसतात ते. त्यातली एक जात तर 2017 साली महाराष्ट्रातल्याच अभ्यासकांनी नवी म्हणून नोंदवली, स्फेरोथेका पश्चिमा. इतकी वर्षं लोकांच्या पायाखाली होती, वेगळी म्हणून ओळख आत्ता आत्ता मिळाली.

आता विषाचं. जवळजवळ सगळ्याच बेडकांच्या कातडीतून काही ना काही स्राव येतो, काहींचा चिकट असतो, काहींचा चवीला इतका वाईट की कुत्रं तोंडात धरून लगेच टाकून देतं. अंगावर खडबडीत गाठी असलेला जो टोड आपल्या अंगणात येतो त्याच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींमध्ये खरंच विषारी द्रव्य असतं, पण ते त्याला कोणी चावलं किंवा दाबलं तर बाहेर येतं, तो आपणहून कोणावर उडवत बसत नाही. हात लागला तर साबणाने धुवा, तो हात डोळ्याला लावू नका, एवढं पुरे. आणि दरवर्षी तो पिवळ्याधमक बेडकांचा व्हिडिओ येतो ना, "हळद्या विषारी बेडूक" म्हणून, ते आपले साधे बुलफ्रॉग, विणीच्या दिवसात नर पिवळे होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या निळ्या, पाऊस स्थिरावला की परत हिरवट. याच बेडकांच्या तंगड्या भारतातून वर्षानुवर्षं परदेशात खायला जायच्या, 1987 साली सरकारने ती निर्यात बंद केली. विषारी असते तर कोणी ताटात घेतले असते का?

मीठ टाकल्यावर काय होतं तेही सांगतो, कारण टाकणाऱ्यांना बहुतेक हे माहीत नसतं. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषून घेतो, विशेषतः पोटाखालच्या. श्वाससुद्धा थोडाफार कातडीतून घेतो. ती कातडी सतत ओली आणि पाझरणारी असावी लागते. तिच्यावर मीठ पडलं की अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि तो हळूहळू, तडफडून मरतो. पळवून लावण्याचा उपाय म्हणून जे पाठवलं जातंय ती प्रत्यक्षात मारण्याची पद्धत आहे, तीही फार क्रूर. आणि मारायचं कोणाला, तर जो वाळवी आणि मुंग्या खाऊन जगतो त्याला. वाळवीने बागेचे खांब, बुंधे पोखरले म्हणून औषधं आणणाऱ्या माणसाने तिला फुकटात खाणारा जीव मिठाने मारायचा, हे मला खरंच बघवत नाही. घरात शिरला असेल तर ओल्या फडक्याने उचला, बाहेर कुंडीपाशी किंवा बांधाला सोडा, विषय संपला.

"त्र्यंबकच्या डोंगरात सापडला"

नाही सापडला. 2003 च्या ऑक्टोबरमध्ये एस. डी. बिजू आणि फ्रँकी बोसाइट या दोन बेडूक-अभ्यासकांनी नेचर या नियतकालिकात या बेडकाचं वर्णन छापलं, आणि तो मिळाला होता केरळच्या इडुक्की जिल्ह्यात, कट्टप्पनाजवळ. नाशिकपासून सरळ रेषेत मोजलं तरी हजार किलोमीटरहून लांब. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी दिसला, पण त्या सगळ्या नोंदी पश्चिम घाटाच्या, म्हणजे सह्याद्रीच्या, दक्षिण टोकाकडच्या, केरळ आणि तामिळनाडूच्या बाजूच्या. महाराष्ट्रातून एकही नाही. नावातलं नासिका म्हणजे नाक, त्या टोकदार नाकामुळे, गावामुळे नाही.

नावाचा दुसरा भाग सह्याद्रेन्सिस आहे, म्हणून काही जण म्हणतात की सह्याद्री म्हणजे आपलाच की. आपलाच आहे, पण तो तापीच्या खालून निघून थेट कन्याकुमारीपर्यंत साधारण 1600 किलोमीटर जातो आणि सगळीकडे एकसारखा नाही. आपल्या एका जिल्ह्यातच बघा, इगतपुरी-त्र्यंबकला चार महिने सूर्य दिसत नाही आणि तिकडे सिन्नर-येवल्याला टँकर. तर मग इडुक्की आणि नाशिकमध्ये किती फरक असेल. तिकडे एप्रिल-मेमध्येच वळवाच्या सरी सुरू होतात, मग नैऋत्य मोसमी, मग ऑक्टोबरनंतर परतीचा आणि ईशान्येचा, म्हणजे जमीन कोरडी अशी फार थोडे महिने राहते. माती खोल, मऊ, ओलसर. आपल्याकडे दिवाळीनंतर आभाळ बंद ते थेट जूनपर्यंत, आणि अंजनेरीच्या किंवा ब्रह्मगिरीच्या माथ्यावर कुदळ मारून बघा, वीतभर माती की खाली कातळ. ज्याला एक मीटरहून खोल मऊ मातीत बारा महिने फिरायचंय त्याने तिथे राहायचं कसं?

अभिमानच बाळगायचा तर आपल्याकडे काही कमी आहे का? अंजनेरीच्या पठारावर उगवणाऱ्या सेरोपेजिया या फुलझाडाच्या एका जातीला अंजनेरीचंच नाव आहे, सेरोपेजिया अंजनेरिका. नांदूर मध्यमेश्वर 2020 साली महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. या गोष्टींचे फॉरवर्ड मला आजवर क्वचित आलेत.

"364 दिवस समाधी, एक दिवस बाहेर"

हे वाक्य फक्त आपल्या फॉरवर्डमध्ये नाही, जगभर फिरतंय, व्हिडिओंमध्ये, रील्समध्ये, सगळीकडे. आणि मला सगळ्यात जास्त याचंच वाईट वाटतं, कारण या एका वाक्याने त्या बेडकाचं सगळं आयुष्य पुसून टाकलंय.

पहिली गोष्ट, तो झोपत नाही. पुष्कळ खणणारे बेडूक कोरड्या महिन्यांत जमिनीखाली जाऊन गप पडून राहतात, हे खरं आहे. पण जांभळा बेडूक खाली असतो तो पोट भरत असतो. त्याचं खाणं म्हणजे मुख्यतः वाळवी, सोबत मुंग्या, बारीकसारीक किडे. तोंड अगदी लहान, खालच्या बाजूला, त्यामुळे बाकी बेडकांसारखं लांबून जीभ फेकून माशी पकडणं वगैरे त्याला जमणारच नाही. तो ते टोकदार, कडक नाक वाळवीच्या बोळात घालतो आणि पन्हळीसारखी वळणारी जीभ बाहेर काढून वाळवी आत ओढून घेतो. साधारण बेडूक जिभेने चिकटवून पकडतो, हा शोषून घेतो. 2007 मध्ये केरळातल्या अभ्यासकांनी हे खाणं नोंदवलं. जमिनीवर येऊन खायची त्याला गरजच नाही, जेवण खाली, ओल खाली, साप-पक्ष्यांपासून बचावही बराचसा खालीच. मग वर येऊन करायचं काय?

खणतो कसा तेही बघण्यासारखं आहे. नाक टोकदार म्हणून वाटतं की नाकाने खणत असेल, तर नाही, खणायचं काम मागच्या पायांचं. मागच्या पंजांच्या तळाला कडक उंचवटे असतात फावड्याच्या पात्यासारखे, त्याने माती मागे-बाजूला सारत सारत तो पाठमोरा आत जातो, म्हणजे जमिनीत शिरताना शेवटी दिसतं ते नाकच. आपले स्फेरोथेकाही असेच उलटे खणतात, पाऊस पडून गेल्यावर रात्री बॅटरी घेऊन शेताच्या कडेला थांबलात तर दिसू शकेल. पाय आखूड असल्यामुळे जांभळा बेडूक उड्या मारण्यात अगदी कच्चा, तो चालतो, सरपटल्यासारखा.

दुसरी गोष्ट, बाहेर येणं हे काही कॅलेंडरवरच्या एका तारखेचं काम नाही. वळवाच्या पहिल्या सरी पडल्या की नर हाक द्यायला लागतात, आणि ते कुठून, तर जमिनीखालूनच, वर मातीचा पातळ थर ठेवून. तुम्ही ओढ्याच्या काठाला उभे असाल तर आवाज पायाखालून येतो आणि दिसत मात्र काहीच नाही. पाऊस नीट झाला की माद्या वर येतात. मादी नरापेक्षा बरीच मोठी, नर तिच्या कमरेपाशी घट्ट धरून बसतो आणि ती त्याला घेऊन ओढ्याकडे चालत जाते. ओढ्यातल्या खडकांच्या फटीत, साचलेल्या पाण्यात हजारांनी अंडी घालतात, आणि मग दोघं परत मातीत. एका जोडीपुरतं बोलायचं तर हे बाहेरचं काम खरंच थोड्या वेळात उरकतं, कदाचित तिथूनच "एक दिवस" आला असेल. पण सगळ्या बेडकांचं मिळून बघितलं तर सरींच्या हिशोबाने हे दिवस पुढेमागे पसरलेले असतात, कुठे आज, कुठे आठवड्याने.

आणि तिसरी गोष्ट, माझ्या मते सगळ्यात मोठी, जी फॉरवर्डवाल्यांना बहुतेक ठाऊकच नाही: या बेडकाचं बालपण जमिनीवर जातं! नुसतं जमिनीवर नाही, धबाबा वाहणाऱ्या ओढ्यात. अंड्यातून निघालेल्या टॅडपोलचं, म्हणजे शेपटीवाल्या पिल्लाचं, तोंड म्हणजे एक चोखणी असते, तिने तो खडकाला घट्ट चिकटतो आणि कितीही जोरात पाणी आलं तरी वाहून जात नाही. खडकावरचं शेवाळ खरवडून खातो. असे शेकडो टॅडपोल एकाच ओल्या खडकावर पाणी उडतं त्या जागी चिकटलेले असतात. साधारण साडेतीन महिने हे चालतं, मग पाय फुटतात, शेपूट जाते आणि ते इवलेसे बेडूक मातीत शिरतात. म्हणजे ज्याला आपण "वर्षात एक दिवस उजेड बघणारा" म्हणतोय त्याच्या आयुष्याची पहिली शंभरेक दिवसांची शाळा उघड्यावर, पावसात, धारेत झालेली असते. ज्या ओढ्यात पाणी इतके दिवस वाहतं राहणार नाही तिथे हा बेडूक टिकूच शकत नाही, मग खाली माती कितीही चांगली असो.

"ओरडला की तीन दिवसांत पाऊस"

उलटं आहे. आधी सर पडते, माती भिजते, मग तो ओरडतो. याचा चांगला पुरावा याच्याच भावकीत आहे. 2017 साली तामिळनाडूच्या बाजूने, श्रीविल्लिपुत्तूरच्या अभयारण्यातून याच वंशातली दुसरी जात नोंदवली गेली, नासिकाबॅट्राकस भुपती. घाटातच काम करताना 2014 मध्ये गेलेले सरीसृप आणि उभयचरांचे अभ्यासक एस. भूपती यांच्या स्मरणार्थ हे नाव ठेवलंय. घाटाच्या त्या पूर्व उतारावर मुख्य पाऊस ईशान्य मोसमी, म्हणजे ऑक्टोबरच्या पुढचा, आणि तिथला बेडूक वीण करतो तीही त्याच पावसात. पश्चिमेकडचा मे-जूनला, पूर्वेकडचा परतीनंतर. ज्याच्या त्याच्या उताराला जेव्हा पाऊस तेव्हा त्याची हाक. पेरणीचा निर्णय कोणी बेडकाच्या ओरडण्यावर घेऊ नये, आधीच दुबार पेरणीने लोकांचं कंबरडं मोडतंय.

"7 कोटी वर्षं जसाच्या तसा"

इथे फॉरवर्डमध्ये अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं इतकं सुंदर आहे की ते नीट सांगायलाच हवं.

2003 मध्ये खळबळ उडाली ती बेडूक जांभळा होता म्हणून नव्हे. डीएनए तपासला तेव्हा कळलं की भारतातल्या कुठल्याच बेडकाशी त्याचं जवळचं नातं लागत नाही. जवळचे नातेवाईक निघाले सेशेल्सचे, म्हणजे हिंदी महासागरात जवळजवळ आफ्रिकेच्या बाजूला असलेल्या बेटांवरचे. म्हणून त्याच्यासाठी बेडकांचं एक नवं कुळच मांडावं लागलं. आणि ते सेशेल्सचे भाऊबंद म्हणजे अगदी चिमुकले, त्यातला गार्डिनरचा बेडूक जेमतेम एक सेंटीमीटर, त्याला मधला कानच नाही, तो तोंडाच्या पोकळीतून ऐकतो असं 2013 मध्ये दाखवून दिलं गेलं. एक भाऊ नखाएवढा, पालापाचोळ्यात राहणारा, दुसरा मूठभर, मातीखाली वाळवी शोषणारा, आणि मध्ये समुद्र.

बेडूक खाऱ्या पाण्यात पोहून जाऊ शकत नाही, मग हे झालं कसं? तर एके काळी भारत, सेशेल्स, मादागास्कर, आफ्रिका सगळं एकत्र होतं, गोंडवन. ते तुटत गेलं आणि भारत उत्तरेकडे सरकत आला, सोबत आपले बेडूक घेऊन. त्या पहिल्या पेपरात या दोन घराण्यांची फारकत बारा-तेरा कोटी वर्षांपूर्वीची काढली होती, पुढे वेगवेगळ्या अभ्यासांत आकडे बदलत गेले, पण घराणं फार जुनं आहे यावर वाद नाही.

आता नाशिककरांनी यात स्वतःला कुठे बघायचं ते सांगतो. भारत सेशेल्सपासून सुटा होत होता साधारण त्याच काळात, म्हणजे 6.6 कोटी वर्षांच्या आसपास, दख्खनमध्ये जमीन फाटून लाव्हा वाहत होता, थरावर थर. ब्रह्मगिरी, अंजनेरी, साल्हेर, पांडवलेणीचा डोंगर, हा जो काळा कातळ आपण रोज बघतो तो सगळा तोच थिजलेला लाव्हा. तो दक्षिणेत केरळपर्यंत पोचला नाही, तिथले खडक त्याहून कितीतरी जुने. म्हणजे जेव्हा आपले डोंगर अजून तयार होत होते तेव्हा या बेडकाचे पूर्वज याच भूखंडावर होते, आणि आपल्या इथली जमीन पेटलेली असताना तग धरून राहिले. त्र्यंबकला तो सापडला असं खोटं सांगण्यापेक्षा हे खरं नातं मला हजारपट मोठं वाटतं!

पण "जसाच्या तसा" हे मात्र चूक. घराणं जुनं असणं आणि आजचा जीव तेव्हाच्या जिवासारखाच असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आत्ताच सांगितलं की याच वंशातून दोन वेगळ्या जाती झाल्यात, एक घाटाच्या या उताराला, एक त्या, दोघांची वीण वेगळ्या पावसात. बदल थांबला असता तर हे झालंच नसतं. ती शोषणारी जीभ, ती धारेत टिकणारी चोखणी, हे सगळं जगता जगता घडत आलेलं आहे.

"2003 पर्यंत कोणालाच माहीत नव्हता"

शास्त्रीय नाव 2003 चं, बाकी सगळं आधीपासून. टॅडपोलचं वर्णन तर 1918 च्या सुमारास छापून आलेलं होतं, नेल्सन अ‍ॅनंडेल आणि सी. आर. नारायण राव यांच्या कामात. अ‍ॅनंडेल म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक. त्या चोखणीच्या तोंडाचं त्यांनाही नवल वाटलं, फक्त हे पिल्लू मोठेपणी कोणता बेडूक होतं ते कळायला मार्ग नव्हता, कारण तो मोठा बेडूक जमिनीत. म्हणजे पोराची नोंद आधी झाली आणि आई-बाप ऐंशीहून जास्त वर्षांनी सापडले.

आणि तिथल्या लोकांना तर तो माहीत होताच की. इडुक्कीकडच्या आदिवासी वस्त्यांमध्ये लोक ओढ्यातले हे टॅडपोल गोळा करून खातात, पिढ्यान्‌पिढ्या. मोठ्या बेडकाला केरळात पाताळ तवळ म्हणतात, आणि महाबलीचा बेडूक असंही म्हणतात, कारण महाबली जसा ओणमला वर्षातून एकदा पाताळातून आपल्या लोकांना भेटायला येतो तसा हाही येतो. इडा पीडा टळो म्हणत आपण दिवाळीत ज्या बळीचं राज्य मागतो तोच हा बळी. "कोणालाच माहीत नव्हता" असं लिहिताना आपण या सगळ्या माणसांना मोजतच नाही, हे मला खटकतं.

ग्रुपवर कोणीतरी पुढे जोडलेलं "शंभर वर्षांत एकदाच दिसतो" हे वाक्य पण इथलंच. बेडूक जाहीर झाला तेव्हा परदेशातल्या एका तज्ज्ञाने शतकातून एखादाच लागावा असा शोध म्हणून त्याचं कौतुक केलं होतं. कौतुक शोधाचं होतं, ते बेडकाच्या दिसण्याला चिकटवलं गेलं.

"जगात फक्त 135 उरलेत"

हा आकडा सुरुवातीच्या वर्षांत अभ्यासकांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या बेडकांचा आहे, त्यातही माद्या अगदी मोजक्याच होत्या. उरलेल्यांची शिरगणती नव्हे ती. जो जमिनीखाली राहतो आणि पावसात रात्री थोडा वेळ वर येतो तो दिसणार किती जणांना? नंतर लोकांना त्याचा आवाज ओळखता यायला लागला, टॅडपोल कोणत्या ओढ्यात शोधायचे ते कळलं, तशा नोंदी वाढत गेल्या.

याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा मुळीच नाही. जंगल तोडून वेलदोडा, कॉफी, चहाचे मळे झाले. ओढ्यांवर छोटे बंधारे पडले की पाण्याची ती धार राहत नाही आणि धारेत वाढणारी पिल्लं अडचणीत येतात. पावसाच्या रात्री ओढ्याकडे निघालेली जोडपी रस्त्यावर गाड्यांखाली येतात. टॅडपोल खाण्याबद्दल 2015 मध्ये बिजू आणि त्यांच्या सहकाऱ्याने लिहिलं की हा या जातीला थेट धोका आहे, कारण एकाच हंगामात एकेका ओढ्यातून प्रचंड संख्येने पिल्लं उचलली जातात. यावर तिथल्या लोकांना दूषणं द्यायचा मला तरी अधिकार वाटत नाही, ते पिढ्यांचं पावसाळी अन्न आहे आणि मार्ग काढायचा तर त्यांच्याशी बोलूनच निघेल. पण 135 चा आकडा फिरवून यातलं काहीच सुटत नाही. उलट संपतच आलाय असं वाचून माणूस हळहळतो, पुढे पाठवतो आणि विसरतो.

आता आपल्या इथलं. या पावसात गिरणारे, मखमलाबाद, दिंडोरी, हरसूल, पेठ, कुठेही शेतात जाड, गोल, बसका बेडूक दिसला तर मीठ नको, काठी नको. मोबाईलने वरून एक, बाजूने एक आणि जमलं तर मागच्या पायाच्या तळव्याचा एक फोटो काढा, कारण खणणाऱ्या बेडकांची ओळख त्या तळव्याच्या उंचवट्यावरून पटते. ओरडत असेल तर अर्धा मिनिट आवाज रेकॉर्ड करा, बऱ्याच जाती दिसण्यापेक्षा आवाजावरून जास्त नीट ओळखता येतात. गाव आणि तारीख घालून आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या साइटवर टाका, तिथे बेडूक ओळखणारे लोक आहेत, ते नाव सांगतात. ते जमत नसेल तर इथे खाली टाका, मला जितकं कळतं तितकं मी सांगेन आणि नाही कळलं तर कळणाऱ्याकडे पाठवेन. आणि तो फॉरवर्ड परत आला तर निदान ती मिठाची ओळ काढून टाकायला सांगा पाठवणाऱ्याला, बाकीचं नंतर बघू.